मुसीच्या महापुरानंतरचे हैदराबाद : नगरनियोजनाची एक चिकित्सा

हैदराबादच्या नगरनियोजनाचे विवेचन बहुधा २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरापासून सुरू होते. मुसी नदीने त्या दिवशी हजारोंचे बळी घेतले. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले, १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. हा इतिहास अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु तो अर्धाच सांगितला जातो.

मुसीच्या पाणलोट क्षेत्रात त्या वेळी ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले, अशी विश्वेश्वरय्यांची नोंद आहे. म्हणजे हा पूर एकट्या नदीचा नव्हता. वरच्या तलावाचा बांध गेला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळत होते. पुढील पिढ्यांनी या अहवालातून दोन धरणे तेवढी लक्षात ठेवली. तलावांच्या साखळीचा विसर पडला. नदीला बांध घातला म्हणजे शहर सुरक्षित झाले, असा समज दृढ झाला आणि तलावांच्या पोटात व नाल्यांच्या काठी वसाहती वाढत गेल्या.

ऑक्टोबर २०२० मध्ये या विसराची किंमत जुन्या शहराच्या दक्षिणेकडील वस्त्यांनी मोजली. पल्ले चेरुवू आणि काही दिवसांनी गुर्रम चेरुवू फुटले (चेरुवू म्हणजे तेलुगूत तलाव), आणि हाफिज बाबानगरसारख्या दाट, बहुसंख्य मुस्लिम कष्टकऱ्यांच्या मोहल्ल्यांत पाणी शिरले.

१९९६ च्या शासकीय आदेश १११ ने दोन्ही जलाशयांभोवतीच्या ८४ गावांत बांधकामावर कडक निर्बंध घातले होते. शहर आता कृष्णा-गोदावरीच्या पाण्यावर जगते, सबब या निर्बंधांची गरज उरली नाही, असे कारण देऊन एप्रिल २०२२ मध्ये ते उठवण्यात आले. हा युक्तिवाद लंगडा आहे. जलाशय केवळ पिण्याच्या पाण्यासाठी नव्हते, ते मुळात पूर अडवण्यासाठीच बांधले गेले होते.

२०२४ मध्ये तलावांतील अतिक्रमणे पाडण्याची मोहीम निघाली. उद्देश योग्यच होता. मात्र पाडलेल्या काही घरांच्या मालकांकडे नोंदणीकृत खरेदीखते होती. तलावाची हद्द त्यांना बुलडोझरने दाखवली. खरेदीखताची नोंद करताना ती कोणी दाखवली नव्हती.