साडेचार पट, पण कशाच्या? जुन्या पेन्शनवरचा एक पेपर वाचताना

मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता तेव्हा मी तारकर्लीत मामाकडे होते. मामाच्या दोन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, २००७ ची भरती, म्हणजे नव्या पेन्शनवाली. रात्री जेवताना मामाने विषय काढलाच. "बाय, तुका पेन्शन व्हयी, पण ती देतलो कोण? आमीच मा?" मावशीने आमटी वाढता वाढता उत्तर दिलं, "तू टॅक्स भरतस तरी खंय?"

ही दोन वाक्यं माझ्या वहीत आहेत. सरकारी संघटना, करदाते आणि राज्याचं बजेट यांवरचं जे लिखाण मी गेल्या दोन वर्षांत वाचलं, त्यातला बराचसा भाग याच दोन वाक्यांची लांबलचक आवृत्ती आहे. आज त्यातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा पेपर घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमध्ये, राज्यांनी जुन्या पेन्शनकडे परत जाण्याची राजकोषीय किंमत मोजणारा एक लेख आला. लेखक पाच जण: रचित सोलंकी, सोमनाथ शर्मा, आर. के. सिन्हा, समीर रंजन बेहरा आणि अत्री मुखर्जी. बुलेटिनमधल्या अशा लेखांतली मतं लेखकांची असतात, बँकेची नव्हे. पण दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत "रिझर्व्ह बँक म्हणते" असंच आलं. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ही पहिली सवय लावून घ्या: मत संस्थेचं की लेखकाचं, हे पहिल्या पानाच्या तळाशी बघायचं.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढचं नीट कळेल. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता आयुष्यभर मिळतो. पैसे येतात त्या त्या वर्षीच्या महसुलातून. वेगळा निधी असा कुठे साठवलेला नसतो. नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के कापले जातात, सरकार २०१९ पासून १४ टक्के भरतं, आणि निवृत्त होताना बाजारात त्या पैशांचं जे झालं असेल ते तुमचं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी जुनी पेन्शन आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल असं सांगितलं. १४ मार्चला संप सुरू झाला. २० मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंशी चर्चेनंतर तो मागे घेतला गेला. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली होती, तिच्या अहवालाची वाट बघायचं ठरलं.

आता त्या १ लाख १० हजार कोटींकडे बघा. दरवर्षी? की एकूण? एकूण असेल तर कोणत्या सालापर्यंत? बातम्यांमध्ये आकडा आला, पण काळ आला नाही. काळाचं एकक नसलेला खर्चाचा आकडा म्हणजे "गाडी साठने जाते" म्हणण्यासारखं आहे. साठ काय?

रिझर्व्ह बँकेच्या पेपरमध्ये हा ढिसाळपणा नाही. त्याचे दोन निष्कर्ष सगळीकडे फिरले. सगळी राज्यं जुन्या पेन्शनकडे परत गेली तर एकत्रित बोजा नव्या पेन्शनच्या ४.५ पटीपर्यंत जाऊ शकतो, हा पहिला. आणि २०६० पर्यंत जादा वार्षिक बोजा जीडीपीच्या ०.९ टक्क्यांपर्यंत पोचेल, हा दुसरा. वर्तमानपत्रांनी मथळ्यासाठी पहिला उचलला. माझ्या मते उचलायला हवा होता दुसरा, आणि का ते सांगण्यासाठी मी तुम्हाला एक हिशेब करायला लावणार आहे. स्प्रेडशीट उघडा.

एक काल्पनिक कर्मचारी घ्या. नोकरी ३० वर्षं, पहिल्या वर्षाचा पगार १ रुपया, पगार दरसाल ८ टक्क्यांनी वाढतो. सरकार दरवर्षी १४ टक्के भरतं. निवृत्तीनंतर तो २० वर्षं जगतो. जुन्या पेन्शनमध्ये त्याला शेवटच्या पगाराच्या निम्मे, आणि त्यावर दरसाल ५ टक्के महागाईवाढ. बस. कुटुंब निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी सगळं बाजूला ठेवा.

सरळ बेरीज करा. नव्या योजनेत सरकारने भरलेले पैसे साधारण १६ रुपये होतात. जुन्या योजनेत दिलेली पेन्शन साधारण १६२ रुपये. म्हणजे दहा पट! मथळा तयार.

पण थांबा. ते १६ रुपये पहिल्या तीस वर्षांतले आहेत आणि १६२ रुपये नंतरच्या वीस वर्षांतले. पन्नासाव्या वर्षीचा रुपया आणि पहिल्या वर्षीचा रुपया सारखे कसे धरायचे? दोन्ही ८ टक्के वटावाने पहिल्या वर्षात आणा, म्हणजे त्यांचं वर्तमान मूल्य काढा. आता नव्या योजनेचे ४.२ रुपये होतात, जुनीचे साधारण साडेसात. गुणोत्तर १.८.

कर्मचारी तोच आणि नियमही तेच. एका पद्धतीने दहा पट, दुसऱ्या पद्धतीने दोन पटींहून कमी. वटावाचा दर बदलून बघा, ७ करा, ६ करा, गुणोत्तर पुन्हा सरकेल. तेव्हा "साडेचार पट" हे जुन्या पेन्शनचं मोजमाप आहे तितकंच ते बेरीज कशी केली याचंही मोजमाप आहे. अंश आणि छेद एकाच सालात आणलेत का, हे विचारल्याशिवाय हा आकडा प्रबंधात लिहू नका. मी लिहिला होता. सादरीकरणात गाइडनी एवढंच विचारलं, "कोणत्या सालचे रुपये?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जीडीपीची टक्केवारी इथे जास्त प्रामाणिक वाटते, कारण २०६० चा खर्च २०६० च्याच उत्पन्नाशी ताडला जातो. आणि हेही बघा की माझ्या सौम्य हिशेबातसुद्धा गुणोत्तर १ च्या वरच राहिलं. म्हणजे जुनी पेन्शन महाग आहेच. संघटनांच्या बाजूने बोलणाऱ्या काही मित्रांना हा वटावाचा मुद्दा सांगितला की ते खूश होतात आणि "बघा, सगळे आकडे खोटे" म्हणतात. तसं मी म्हणत नाहीये. संघटनांच्या पत्रकातला लाडका मुद्दा, "आमदाराला एका टर्मवर पेन्शन, मग आम्हाला का नाही", नैतिकदृष्ट्या बोचरा आहे, पण बजेटच्या हिशेबात त्याने काहीच सिद्ध होत नाही. माजी आमदार शेकड्यांत आणि कर्मचारी लाखांत मोजायचे असतात.

पेपरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मथळ्यांत आलीच नाही. जुन्या पेन्शनकडे परत गेलं तर सुरुवातीची बरीच वर्षं राज्याचा खर्च *कमी* होतो. नीट विचार करा. २००५ नंतर लागलेले बहुतेक लोक अजून निवृत्त व्हायचे आहेत. आज परत गेलात तर त्यांच्यासाठी दरमहा भरायचे १४ टक्के वाचतात आणि पेन्शन द्यायची वेळ अजून लांब असते. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश यांनी एकापाठोपाठ घोषणा केल्या, त्या फक्त संघटनांच्या दबावाने केल्या असं मानलं तर निम्मीच गोष्ट सांगितली जाते. त्या घोषणांत सरकारांचाही तात्काळ फायदा होता. पैसे भरण्याची पाळी ज्याच्यावर येईल तो २०५० चा करदाता आज मावशीच्या वर्गात पाढे म्हणतोय. वाटाघाटीच्या टेबलावर तो नाही, आणि करदात्यांच्या नावाने बोलणाऱ्यांमध्येही तो नाही.

बरं, करदाता म्हणजे कोण? मावशीचा टोमणा आठवा. मामाची वर्षाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली आहे, आयकर विवरण भरलं तरी कर शून्य. म्हणून तो करदाता नाही? त्याने खोलीत बसवलेला एसी, गाद्या, रंग, सिमेंट, सगळ्यावर जीएसटी दिलाय. नोंदणी नसल्याने त्या कराची वजावट त्याला मिळत नाही. मोठ्या हॉटेलने दिलेला कर गिऱ्हाइकाकडे सरकतो, मामाचा त्याच्याच खिशात मुरतो. राज्याला स्वतःचा आयकर नाही. त्याच्या उत्पन्नाचा कणा जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क आणि दारूवरचं उत्पादन शुल्क आहे. म्हणजे राज्याच्या बजेटबद्दल बोलताना "पगारदार करदाता विरुद्ध सरकारी कर्मचारी" ही मांडणीच चुकते. आणि कर्मचारीही करदाता असतो, उगमातच कापला जाणारा.

उलट मामाच्या शेजारचे मच्छीमार राज्याकडून घेणेकरीसुद्धा आहेत. संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, आणि तो कधी मिळणार हा मालवणच्या बंदरावर कायमचा चर्चेचा विषय. पगार, पेन्शन आणि व्याज हा बांधील खर्च. तो थांबवता येत नाही. तिजोरीत ओढाताण झाली की असे परतावे मागे राहतात. संघटना आणि करदाता यांच्या भांडणात खरा तोटा कुणाचा होतो हे बघायचं तर या रांगेत बघा. माझ्या मते हा एक चांगला प्रबंधविषय आहे. कुणीतरी घ्या.

पेपरची मोठी उणीव वेगळीच आहे. २०६० पर्यंतचा अंदाज करायचा तर पुढे किती लोक नियमित नोकरीत असतील हे धरावं लागतं. तो आकडा आभाळातून पडत नाही, राजकारणातून येतो. पेन्शन महाग वाटली की राज्यं पदंच भरत नाहीत, किंवा कंत्राटावर भरतात. महाराष्ट्रात शिक्षणसेवक २००० पासून आहेत, अंगणवाडी सेविका आणि आशा तर मानधनावरच. बाह्यस्रोतांद्वारे भरतीचा शासननिर्णय सप्टेंबर २०२३ मध्येच निघाला, म्हणजे ज्या महिन्यात हा पेपर आला त्याच महिन्यात, आणि विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. पेन्शनचा हक्क असलेल्यांची संख्या सरकार असं बदलत असेल तर खर्चाचा अंदाज आणि संघटनेची ताकद दोन्ही बदलतात. या पेपरमध्ये कर्मचारी हा फक्त खर्च आहे.

म्हणूनच जोखमीची दुसरी बाजूही त्यात नाही. २००५ नंतर लागलेला कर्मचारी सेवेतच वारला तर घरच्यांना जुन्यासारखं कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. खात्यात दहा-बारा वर्षांची जमा, आणि मागे लहान मुलं. मावशीच्या ओळखीतल्या एका शिक्षकाच्या घरी हे झालं. तिला संपावर नेणारं कारण हे होतं, बाजाराचा परतावा नव्हे. मार्च २०२३ च्या अखेरीस अशा कुटुंबांसाठी शासननिर्णय निघाला. संपातून मिळालेली ही सगळ्यात ठोस गोष्ट होती, आणि तुलनेने स्वस्तही.

एक सावधगिरी अमेरिकन साहित्याबद्दल. "पब्लिक सेक्टर युनियन" शोधलंत की विस्कॉन्सिनचा २०११ चा ॲक्ट १० आणि इलिनॉयच्या पेन्शन तुटीचे ढीगभर पेपर येतील. तिथला प्रश्न निधी उभारून तो अपुरा ठेवण्याचा आहे, इथे जुन्या योजनेत निधीच नाही. तिथे सामूहिक सौदेबाजीचा कायदेशीर हक्क काढून घेतला म्हणून रण पेटलं. इथे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये टी. के. रंगराजन खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्कच नाही असं म्हटलंय, आणि तरीही संप होतात. १९७७-७८ चा र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा ५४ दिवसांचा संप महाराष्ट्रात अजून आठवला जातो. तिथलं मॉडेल उचलून इथे बसवलं तर समीक्षक पहिल्याच पानावर अडवेल.

मतांच्या ताकदीबद्दलही घाई नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये लागलेल्या शिक्षक मतदारसंघ निवडणुकीच्या निकालात भाजपपुरस्कृत उमेदवार नागपुरात हरला आणि "पेन्शनने हरवलं" असं सगळ्यांनी लिहिलं. त्याच दिवशी कोकण शिक्षक मतदारसंघात, म्हणजे मावशीच्याच मतदारसंघात, भाजपचा उमेदवार जिंकला. पेन्शनचा प्रश्न दोन्हीकडे होता.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. मार्च २०२४ मध्ये राज्याने सुधारित योजना जाहीर केली. ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली: २५ वर्षं सेवेला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी हमी. म्हणजे जुनी की नवी हा प्रश्नच मागे पडला आणि बाजाराची जोखीम कोण किती उचलणार हा पुढे आला. आंध्रने हमीच्या पेन्शनचं विधेयक सप्टेंबर २०२३ मध्येच मंजूर केलं होतं, तेव्हा मधली वाट त्या वेळी चर्चेत नव्हती असंही नाही. पेपर मात्र दोन टोकांचीच तुलना करतो.

आणि राज्य दिवाळखोर झालं का? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी. २०२२ मध्ये दिवाळखोरीची भीती घातली गेली ती पेन्शनसाठी. दीड वर्षाने आलेल्या या योजनेच्या वेळी तो शब्द सरकारी बाकांवरून ऐकू आला नाही. मामीला ते दीड हजार मिळतात. मागच्या महिन्यात मावशी जेवायला आली तेव्हा मामाने पेन्शनचा विषय काढला नाही.