मथुरीच्या घरचं कुणी केलं? : ‘श्यामची आई’तील कष्ट आणि सेवा

सातवीच्या सुट्टीत मी ‘श्यामची आई’ आईला वाचून दाखवायला घेतली. तिला अक्षरओळख नव्हती. ती चार घरची धुणीभांडी करी आणि तिची आई, म्हणजे माझी आजी, लोकांकडे भात कांडायला जाई. रोज एक प्रकरण व्हायचे. मी रडे, ती ऐके. ‘मथुरी’ हे प्रकरण झाले त्या रात्री ती एवढेच म्हणाली, “मथुरी तापाने पडली, तर तिच्या घरचं कुणी केलं रे?”

तेव्हा मला राग आला होता. मी श्यामच्या आईचा चांगुलपणा वाचून दाखवत होतो आणि ही भलतेच विचारत होती. त्या प्रश्नाला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. जे वाचले ते तालुक्याच्या वाचनालयात, नोकरी सांभाळून वाचले. तरीही या पुस्तकावर जे जे लिहिलेले हाती आले, त्यात हा प्रश्न मला कुठे भेटला नाही. म्हणून हा लेख.

पुस्तकाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते छापले गेले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची बैठक. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, वनमालाबाईंनी आई उभी केली, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि ही आई घरोघर पोचली. पोचली ती मात्र बहुतेक ‘संस्कार करणारी आई’ म्हणून. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनालाही जप, हे सांगणारी आई वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी उभी राहते. तिच्या हातातले काम कुणाला दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एक वही केली. डाव्या रकान्यात, त्या रात्री आई काय शिकवते ते. उजव्या रकान्यात, त्या रात्री कोण काय काम करते ते. पुस्तक पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचले. डावा रकाना आपल्या सर्वांचा तोंडपाठ आहे. उजवा भरत गेला तसतसे मला वेगळेच पुस्तक दिसू लागले.

ते पुस्तक कर्जाचे आहे. पालगडच्या एका खोताच्या घराण्याची उतरती कळा त्यात आहे. एकत्र कुटुंब, भाऊबंदकी, वेगळे निघणे, झोपडीवजा घर, मग सावकाराचा तगादा आणि शेवटी दारात येऊन केलेला अपमान. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे तर मीठ नाही!’, ‘अब्रूचे धिंडवडे’ ही प्रकरणांची नावे कोणत्याही संस्कारग्रंथात शोभणारी नाहीत. रात्री काटेकोर कालक्रमाने सांगितलेल्या नाहीत, तरी पुढेपुढे घरातले दुसऱ्याचे हात कमी होत जातात आणि सारे काम एका बाईच्या अंगावर येऊन पडते, हे लपत नाही. पूर्वार्धात मथुरी आहे. उत्तरार्धात आजारी आई आहे आणि काम आहे.

कांडपाचे काम आज वाचकाला सांगावे लागेल. भात भरडून तूस काढायचे, पाखडायचे, मग उखळात घालून मुसळाने सडायचे. पुन्हा पाखडले की कोंडा, कण्या आणि तांदूळ वेगळे होतात. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकतात. ताल चुकला तर हात जातो. खांदा आणि कंबर एका वेळी वापरणारे हे काम ताप अंगावर घेऊन करता येत नाही. आजी म्हणे, पावसाळ्याआधी मुसळ थांबत नाही. म्हणजे माणूस थांबला तर चूल थांबते. माझ्या आईच्या प्रश्नाचा उगम इथे होता.

आता श्यामच्या आईकडे पाहा. आजारी मजूरणीकडे ती मजूर म्हणून पाहत नाही, ही गुरुजींच्या लेखी मोठी गोष्ट आहे, आणि ती आहेच. त्या काळच्या कोकणातल्या खोताच्या घरात तो विचार सहज येण्यासारखा नव्हता. पण ही सेवा घराच्या उंबऱ्यातून बाहेर पाहणारी आहे. मथुरीच्या झोपडीच्या आत पुस्तक थांबत नाही.

दुसरे प्रकरण ‘देवाला सारी प्रिय’. एका म्हाताऱ्या महारणीला मोळी डोक्यावर घेता येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. मग घरी येऊन आंघोळ कर. हे वाचताना दोन गट पडतात. एक गट मोळीवर थांबतो आणि आईला समाजसुधारक ठरवतो. दुसरा आंघोळीवर थांबतो आणि पुस्तक मिटतो. मला दोन्ही वाचने अर्धी वाटतात. गुरुजींना ती आंघोळ गाळता आली असती. तुरुंगात बसून आठवणी लिहिणाऱ्याला कोण विचारणार होते? त्यांनी ती गाळली नाही. आईची करुणा कुठपर्यंत पोचली आणि कुठे अडली, हे मुलाने लिहून ठेवले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात हाच मुलगा पंढरपूरला विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. आईची आज्ञा त्याने अर्धी पाळली आणि अर्धी सोडली. माझ्या मते ‘श्यामची आई’वरचे सर्वांत चांगले भाष्य ते उपोषण आहे.

पुस्तकावर भाबडेपणाचा आरोप जुना आहे. अश्रू फार आहेत, हे मीही मान्य करतो; काही रात्री मला आज वाचवत नाहीत. पण हे अश्रू कुणाचे, हे पाहायला हवे. आई गेली तेव्हा श्याम शिक्षणासाठी दूर होता. पोचला तेव्हा राख उरली होती. आजारपणात तिची शुश्रूषा केली ती बहिणीने, मुलाने नव्हे. जिच्या कष्टावर आपण शिकलो तिच्या शेवटच्या दिवसांत आपण नव्हतो, ही टोचणी बेचाळीस रात्री बोलत राहते. हे स्तोत्र म्हणून वाचले की ओशट लागते, कर्जदाराचा जबाब म्हणून वाचले की पटते. घराचे सावकाराचे देणे वडिलांच्या नावावर होते. हे दुसरे देणे श्यामच्या.

मराठी समीक्षेने आईची दोन कपाटे केली आहेत. एका कपाटात ‘श्यामची आई’, त्यावर ‘संस्कार’ अशी चिठ्ठी. दुसऱ्यात दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७). त्यावर ‘दलित’ आणि ‘ग्रामीण’. ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली जात नाहीत, याची मला खंत आहे. ‘झोंबी’तली आई शेतात राबते, बाळंतपणामागून बाळंतपण सोसते, नवऱ्याचा मार खाते, शिव्याही देते. तिला कुणी साध्वी म्हणणार नाही. पण मुलाची शाळा सुटली तेव्हा ती त्याला घेऊन गावच्या दत्ताजीरावांकडे जाते, नवऱ्याला समज द्यायला सांगते, आणि आम्ही येऊन गेलो हे त्याला कळू देऊ नका, असेही विनवते. केवढे धोरण आहे त्यात! तिच्याकडे दुसऱ्याला द्यायला पसाभर उरलेले नाही. जे आहे ते मुलाच्या पाटीसाठी ती चोरून वापरते.

यावरून कुणी म्हणेल, सेवा ही पोट भरलेल्यांची चैन. मला ते पटत नाही. श्यामच्या आईचे मोठेपण मला यातच दिसते की घरातले संपत गेले तरी तिचा हात आखडला नाही. भाऊबीजेचे पैसे आले तर ती स्वतःसाठी न ठेवता नवऱ्याच्या फाटक्या धोतराकडे पाहते. मात्र तिचे हे देणे आणि यादवांच्या आईचे झगडणे यांत चढउतार लावायचा अधिकार आपल्याला नाही. आणि मथुरीचे देणे तर आपण मोजलेच नाही. ती ज्या घराला तांदूळ सडून देत होती, त्या घरातली मुले त्यावर वाढली.

आईच्या प्रश्नाच्या जवळपास जाणारे एकच प्रकरण मला पुस्तकात सापडले. ते ‘अर्धनारी नटेश्वर’. आई आजारी, आणि श्याम घरातली बायकांची म्हटली जाणारी कामे करतो. पुरुषाने ही कामे शिकावीत, त्याशिवाय तो पुरा माणूस होत नाही, असे गुरुजी १९३० च्या दशकात लिहून गेले. आजारी बाईच्या घरचं कुणी करायचं, याचे उत्तर तिथे आहे. कथाकथनाच्या स्पर्धेत हे प्रकरण निवडलेले मी अजून ऐकलेले नाही.

त्या सुट्टीत तेही मी आईला वाचून दाखवले होते. ती परसात भांडी घासत होती आणि मी पायरीवर बसून मोठ्याने वाचत होतो. पुस्तक ठेवून उठावे असे मला सुचले नाही, तिनेही म्हटले नाही. प्रकरण संपले तेव्हा तिने हाताची राख झटकली आणि विहिरीवरून एक घागर आणायला सांगितली.