साथीचे वाद्य आणि त्याचे स्वत्व

बाखच्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत (अर्पणप्रत १७२१) हार्प्सिकॉर्ड कधी इतरांमागे स्वरसंगती भरते, कधी बासरी-व्हायोलिनच्या पंक्तीस बसते; पहिल्या भागाच्या अखेरीस मात्र सारा वृंद थांबतो आणि ती एकटीच दीर्घकाळ वाजत राहते. या वाद्याच्या तारा छेडल्या जातात. बोटाच्या जोराने नाद वाढत नाही आणि तो लवकर विरतो. बाखने ही उणीव झाकली नाही. द्रुत स्वरांचा लोट उसळवून तिलाच त्याने बोलते केले.

आपल्या पेटीची उणीव निराळी. भात्यामुळे स्वर टिकतो, पण मींड निघत नाही. १९४० मध्ये नभोवाणीने तिला वर्ज्य केले, आणि ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी तिला एकलवादनाची प्रतिष्ठा दिली, हे ऋण मोठेच. परंतु त्या वादनाचा गौरव आपण 'पेटी गाते' अशा शब्दांत करतो, आणि समीक्षेची खरी अडचण येथेच आहे. गळ्याच्या मापाने पेटी सदैव उणीच ठरावयाची! एकसमयी दोन स्वर, सप्तकांतील झेपा, हे गळ्याला असाध्य असलेले सामर्थ्य कोणी तोलून पाहिले आहे काय? बीड जिल्ह्यातील कीर्तनांत बुवा श्वास घेतात तेव्हा पेटी क्षणभर एकटी उरते. अभ्यासकाने प्रथम कान द्यावा तो तेथे.