यंत्राला लटकू ओळखता येईल?

मंडळी, आजच्या विषयासाठी कॅलिफोर्नियाला जायला नको, घोडेगावचा फाटा पुरे. तिथून शनिशिंगणापूरकडे वळलं की लटकू मागे लागतात. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो: दुचाकीवरून पाठलाग करायचा, हात करून गाडी थांबवायची, ठरावीक दुकानाच्या पार्किंगला न्यायची आणि कमिशन घ्यायचं, हा लटकूंचा धंदा.

आता चालकविरहित गाडी इथं आणा. समोरून कुणीतरी हात केला. तो लटकू आहे, की पुढे अपघात झाला म्हणून थांबवणारा गावकरी? की शनी अमावस्येच्या गर्दीत वाहनं वळवणारा स्वयंसेवक? हात तर तोच! आपला ड्रायव्हर काच खाली करून विचारतो, ‘काय झालं हो?’

कंपन्या म्हणतात, आणखी डेटा घालू. माझा आक्षेप इथंच आहे. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी-गाडीनं सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा जीव घेतला. ती गाडीला दिसली नव्हती का? धडकेच्या पाच सेकंदांहून आधी दिसली होती. पण गाडी तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर’ ठरवत राहिली. माणूस वाटेल तिथून रस्ता ओलांडतो, हे तिला शिकवलंच नव्हतं. म्हणजे दिसलं सगळं, कळलं काहीच नाही.

उलट माणसाचं बघा. २०११ साली युको बँकेनं शिंगणापुरात शाखा उघडली. घराला दार नाही, कुलूप नाही, हा गावचा रिवाज. बँकेनं तो समजून घेतला, दर्शनी दाराला कुलूप दिसू दिलं नाही, रोकडीची सोय वेगळी केली. नियम कशासाठी आहे हे कळलं, तरच तो कुठं सैल करायचा ते कळतं.

माणूसही चुकतो, मान्य. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. म्हणून आपोआप ब्रेक लावणारी, चालकाची डुलकी ओळखणारी यंत्रं हवीतच. पण स्टिअरिंगवरचा माणूस काढायचा, तर जबाबदारी कुणाची? गडकरी रोजगाराचा मुद्दा मांडतात, तो रास्तच आहे. हा त्याहून मोठा. टेंपीत फौजदारी खटला कुणावर झाला? कंपनीवर नाही, गाडीत देखरेखीला बसवलेल्या बाईवर.

उद्या घोडेगावच्या रस्त्यावर असं घडलं, तर पोलीस पंचनाम्यात चालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं? आधी याचं उत्तर द्या, मग गाडी आणा.