आरशातला दगड, पडद्यावरचा दगड

गेली पंधरा-सोळा वर्षे मी वीरगळ आणि सतीशिळा यांच्या मागे हिंडतो आहे. त्यासाठी कुठल्या विद्यापीठाची पदवी घेतलेली नाही. जे शिकलो ते दगडांपुढे बसून आणि जाणत्यांची पुस्तके वाचून. या सगळ्या काळात खांद्याला एकच डीएसएलआर कॅमेरा होता. यंदा पावसाळ्याआधी त्याचे शटर कायमचे थकले आणि नवा कॅमेरा घेणे भाग पडले. दुकानात पहिलाच प्रश्न आला : पुन्हा डीएसएलआर, की मिररलेस? त्यावर जे ऐकले आणि वाचले ते सारे आकड्यांचे होते. मेगापिक्सेल किती, सेकंदाला फ्रेम किती, वजन किती ग्रॅम. ज्या जागी आपण प्रत्यक्ष डोळा लावतो त्या व्ह्यूफाइंडरचा विषय मात्र ‘ऑप्टिकल की इलेक्ट्रॉनिक’ एवढ्यावर संपत होता. माझ्या मते विचार करण्याजोगे जे आहे ते तिथेच आहे.

आधी रचना पाहू. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावरून वर वळतो, दुधी काचेवर त्याची प्रतिमा उमटते आणि पेंटाप्रिझम ती सुलटी करून डोळ्याला दाखवतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार असतो. म्हणजे जो क्षण टिपला जातो, नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही. हा अंधार घालवण्यासाठी कॅननने १९६५ मध्ये ‘पेलिक्स’ या कॅमेऱ्यात न हलणारा, अर्धपारदर्शक आरसा बसवला. अंधार गेला, पण प्रकाशाची वाटणी झाल्याने फिल्मला आणि डोळ्याला, दोघांनाही तो कमी मिळू लागला.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरने केलेले चित्र डोळ्यापाशी असलेल्या छोट्या पडद्यावर दिसते. पॅनासोनिकचा ‘ल्युमिक्स जी१’ २००८ मध्ये आला, सोनीचा फुल-फ्रेम ‘ए७’ २०१३ मध्ये, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन हेही फुल-फ्रेम मिररलेस घेऊन उतरले. आरशाची जागा मोकळी झाल्याने लेन्सचे बूड सेन्सरच्या जवळ आले. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटर आहे.

इथवर यंत्राचे झाले. पाहणाऱ्याच्या बाजूने फरक असा की, आरशाच्या कॅमेऱ्यात मी दगड पाहतो आणि त्याचे चित्र कसे येईल याचा अंदाज बांधतो; पडद्याच्या कॅमेऱ्यात मी चित्रच पाहतो आणि दगड तसाच असेल असे धरून चालतो. दोन्हीकडे चूक होते, पण चुकीची जात वेगळी असते. माझ्याच दोन चुका सांगतो.

पहिली जुन्या कॅमेऱ्याची. साध्या किमतीच्या अनेक डीएसएलआरप्रमाणे त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा लांबी-रुंदीने सुमारे ९५ टक्केच भाग दिसे. म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ दहावा हिस्सा न पाहताच टिपला जाई. एका गावातल्या वीरगळाचे फोटो घरी मोठे करून पाहिले, तेव्हा तळाच्या कडेला, गवताआड, अक्षरांसारख्या खुणा दिसल्या. दगडापुढे असताना त्या मला दिसल्याच नव्हत्या. पुन्हा गेलो, गवत बाजूला केले. खुणा खरोखर अक्षरांच्या होत्या, पण वाचता येणार नाहीत इतक्या झिजलेल्या.

दुसरी चूक गेल्या वर्षीची. एका स्नेह्याचा मिररलेस घेऊन एका देवळाच्या काळोख्या ओवरीत शिरलो. नुसत्या डोळ्यांना जिथे दगडाचा आकारही धड कळत नव्हता, तिथे पडदा उजळून निघाला होता. खालच्या पट्टीत वीराच्या पायाशी गाई दिसत होत्या. गोधन राखताना पडलेल्या वीराचे हे स्मारक, अशी नोंद मी तिथेच केली : ‘गाई तीन.’ गावातल्या वडीलधाऱ्यांनाही तसे सांगितले. काही महिन्यांनी संध्याकाळचे तिरके ऊन ओवरीत येते अशा वेळी पुन्हा गेलो आणि दगडावरून बोट फिरवले. गाई दोनच होत्या. तिसरी म्हणजे एक भेग आणि तिच्यावर धरलेले शेवाळ. स्नेह्याने कॅमेऱ्यात गडद काळे-पांढरे आणि कडा ठसठशीत करणारी सेटिंग ठेवली होती; तिने भेगेला पाठीचा कणा दिला आणि माझ्या मनाने उरलेली गाय पुरी केली.

एका कॅमेऱ्यात पाहिले त्याहून अधिक मिळाले. दुसऱ्यात होते त्याहून अधिक दिसले. पहिली चूक मला दगडाकडे परत घेऊन गेली. दुसरीने परत जाण्याची गरजच वाटू दिली नाही. मी गेलो तो निव्वळ योगायोगाने.

यावर कोणी म्हणेल, रॉ फाइलमध्ये सेन्सरची मूळ नोंद राहतेच, मग सेटिंगला दोष का? नोंद राहते हे खरे. पण वहीत लिहिणारा हात रॉ फाइल पाहून लिहीत नाही, डोळ्यापुढच्या पडद्याकडे पाहून लिहितो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आरसा तरी कुठे निर्मळ आहे? डीएसएलआरची काच उजळ दिसावी म्हणून अशी घडवतात की मोठ्या छिद्राच्या लेन्सची फोकसची खोली तिच्यात प्रत्यक्षाहून जास्त भासते. होमाई व्यारावाला ज्या रोलायफ्लेक्सने काम करत, त्यात छातीशी धरलेल्या काचेवर डावे-उजवे उलटे दिसते. त्या उलट्या चित्रातून त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली. हा आक्षेप मी मान्य करतो. पण उलटे चित्र आपण चित्र आहोत हे लपवत नाही. डोळा सावध राहतो. आजचा पडदा इतका सरस झाला आहे की तो पडदा आहे हेच विसरायला होते.

माझ्या कामात हा बारकावा महत्त्वाचा ठरतो. गावोगावचे वीरगळ झिजत आहेत, कुठे तैलरंगाखाली, कुठे सिमेंटच्या चौथऱ्यात जात आहेत. बोरिवलीच्या एक्सरच्या वीरगळांवर नौकायुद्ध आहे हे अभ्यासकांनी लिहून ठेवले म्हणून ते बहुतेकांना ठाऊक आहे. आडगावच्या शेकडो दगडांना असा कोणी लाभलेला नाही. उद्या दगड उरला नाही, तर माझा फोटो आणि माझी नोंद एवढाच पुरावा उरेल. त्यात तिसरी गाय असेल तर ती कायमची राहील.

एवढे लिहून मी घेतला तो मिररलेसच. कारणे लपवत नाही. चाळिशी कधीच लागली आहे. पडद्यावर चित्र दसपट मोठे करून झिजलेल्या रेषेवर फोकस नेता येतो, ते आरशात शक्य नव्हते. जुन्या लेन्स ॲडॅप्टर लावून चालतात. कॅनन आणि निकॉन यांचे सर्वांत वरच्या श्रेणीचे डीएसएलआर २०२० मध्ये आले; त्यानंतर त्यांचा सारा भर मिररलेसवर आहे. ज्याचा डीएसएलआर नीट चालतो, त्याने तो मोडीत काढण्याचे मात्र कारण नाही. बॅटरीचाच हिशेब घ्या : एकाच मोजणी-पद्धतीने निकॉनच्या डी८५० ला एका चार्जमध्ये १,८४० फोटो, तर पहिल्या झेड७ ला ३३०. ज्या वाडीत दिवसभर वीज नसते तिथे हा फरक जाणवतो.

कॅमेरा बदलला तसा कामाचा क्रमही बदलला. आता दगडापुढे गेलो की कॅमेरा पिशवीतच राहतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहतो, हात फिरवतो, वहीत लिहितो. मग पडद्याची सेटिंग शक्य तितकी सपाट ठेवून फोटो घेतो. पडद्यावर नवे काही दिसले तर ते वहीत वेगळ्या शाईने, प्रश्नचिन्ह घालून उतरवतो, आणि कॅमेरा खाली ठेवून पुन्हा दगडापाशी जातो.

त्या ओवरीतल्या वीरगळाची नोंद दुरुस्त केली आहे. गावात जाऊन वडीलधाऱ्यांना सांगायचे अजून राहिले आहे. दिवाळीनंतर जाणार आहे.