रोलंड हेझ यांचे गायन : प्रशिक्षित कंठ आणि स्पिरिच्युअल गीतांचा प्रश्न

अमेरिकन टेनर रोलंड हेझ (१८८७–१९७७) यांच्यावरील लेखन बहुधा त्यांच्या चरित्रातच अडकून पडते. एकेकाळी गुलाम असलेल्या मातापित्यांचा मुलगा, लोखंडाच्या ओतशाळेतील मजूर आणि पुढे आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविणारा कृष्णवर्णीय मैफल-गायक, हा प्रवासच इतका विलक्षण आहे की, त्यांच्या गाण्याची चिकित्सा मागे राहते. युरोपीय तालमीत घडलेल्या कंठाने गुलामांची भक्तिगीते, म्हणजेच स्पिरिच्युअल, गाणे हे त्या गीतांचे स्वत्व पुसणे ठरते काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ही तालीम हेझ यांना सुखासुखी मिळाली नव्हती. चॅटनूगा येथे कारुसो यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. फिस्क विद्यापीठातील शिक्षण पदवीविनाच संपले. बोस्टनमध्ये आर्थर हबर्ड यांनी त्यांना शिकविण्याचे मान्य केले. परंतु गोऱ्या विद्यार्थ्यांचा रोष ओढवू नये म्हणून शिकवणी स्टुडिओत न होता हबर्ड यांच्या घरी होत असे. १९१७ मध्ये बोस्टनचे सिम्फनी हॉल हेझ यांनी स्वतःच भाड्याने घेऊन तेथे मैफल केली. १९२० मध्ये ते लंडनला गेले आणि १९२१ मध्ये पंचम जॉर्ज यांच्यासमोर गायले. मायदेशातील मोठा मान, १९२३ मध्ये बोस्टन सिम्फनी वाद्यवृंदासह गायनाचा, त्यानंतरचा आहे.

ऑपेराचे दार मात्र बंदच राहिले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर कृष्णवर्णीय गायिकेला प्रमुख भूमिका मिळाली ती १९५५ मध्ये, मॅरियन अँडरसन यांच्या रूपाने. तथापि वर्णभेद हे एकमेव कारण मानल्यास हेझ यांच्या आवाजाचा धर्म दुर्लक्षित राहतो. तो आवाज आकाराने लहान होता. त्याचे खरे बळ हळुवार स्वरात आणि शब्दोच्चारात होते, आणि म्हणूनच शूबर्टच्या गीतांना तो विशेष मानवला. १९२४ मध्ये बर्लिन येथे श्रोत्यांनी हिस्स असे आवाज काढून निषेध केला, तेव्हा ते गोंगाट शमेपर्यंत निःशब्द उभे राहिले आणि मग शूबर्टच्याच एका संथ गीताने त्यांनी सभा जिंकली. ऱ्हाइनलँडमध्ये तैनात असलेल्या फ्रेंच वसाहतींतील सैनिकांमुळे त्या काळी जर्मनीत कृष्णवर्णीयांविरुद्ध चीड होती, हा संदर्भ येथे विसरता येत नाही.

त्यांच्या मैफलीत जुनी इटालियन गीते, जर्मन व फ्रेंच गीते आणि शेवटी स्पिरिच्युअल असा क्रम सामान्यतः असे. हा क्रम म्हणजे एक विधानच होते : ही गीतेही त्याच पंक्तीतील आहेत. झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ मध्ये नेमका अशा सादरीकरणावरच आक्षेप घेतला. खरे स्पिरिच्युअल हे समूहाचे गायन असून दर वेळी ते नव्याने घडते. मैफलीतील बांधीव रूप ही निराळी निर्मिती होय, असे त्यांचे म्हणणे.

प्रस्तुत अभ्यासकास हा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. पियानोच्या नीटस स्वरसंगतीत मंडळीच्या गायनाचा खडबडीतपणा उरत नाही, आणि हेझ यांची काही गीते दिवाणखान्यातील गाण्याच्या फार जवळ जातात. परंतु ही गीते त्यांना प्रथम भेटली ती जॉर्जियातील बालपणी, तालीम नंतरची. शिवाय त्यांनी ‘द लाइफ ऑफ क्राइस्ट’मध्ये सुटी गीते ख्रिस्तजीवनाच्या क्रमाने गुंफली. सुट्या भजनांना सलग कथनाचे रूप देणारी ही मांडणी शूबर्टच्या गीतमालिकांशी नाते सांगते. ते नाते लपविण्याचा प्रयत्न तीत नाही, हे महत्त्वाचे.

काही स्पिरिच्युअल ते साथीविना गात. तेथे पियानो नसल्याने स्वर किंचित रेंगाळू शकतो, शब्द जॉर्जियातील बोलीच्या वळणाने उमटू शकतो. मात्र श्वासावरील ताबा हबर्ड यांच्या शिकवणीतलाच असतो. साठी उलटल्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांत आवाजाची झळाळी ओसरलेली आहे, तरीही या गीतांतील ओळी मधे कोठेही तुटत नाहीत.