पातळ भिंतीच्या पोलादी नळ्यांचे जोड आणि फिलेट वेल्डचे नियम : एक चिकित्सा

प्रस्तावना
छताच्या कैच्या, गोदामे, पादचारी पूल इत्यादी बांधकामांत चौकोनी पोकळ पोलादी नळ्या वापरल्या जातात. त्यांच्या भिंतीची जाडी पुष्कळदा अवघी २.६ ते ३.२ मि.मी. असते. अशा नळ्यांच्या जोडासाठीही आयएस ८०० : २००७ मधील फिलेट वेल्डचे नियम आधारभूत मानण्याकडे कल दिसतो. वस्तुतः नलिकाकृती रचनांच्या विशेष तरतुदी स्वतंत्र मानकांत आहेत, असे या संहितेच्या व्याप्तीतच नमूद आहे. पट्ट्यांसाठी केलेले नियम पातळ नळीस कितपत लागू पडतात, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

नियमांतील विसंगती
संहितेनुसार फिलेटचे किमान माप ३ मि.मी. आहे. थ्रोट, म्हणजे वेल्डच्या त्रिकोणी छेदातील परिणामकारक जाडी, किमान ३ मि.मी. असावी, परंतु सामान्यतः ती पातळ भागाच्या जाडीच्या ०.७ पट आणि विशेष परिस्थितीत १ पट याहून अधिक नसावी. ३.२ मि.मी. भिंतीसाठी ०.७ पट म्हणजे २.२४ मि.मी. येते. येथे कमाल मर्यादाच किमान मर्यादेहून लहान ठरते. २.६ मि.मी. भिंतीबाबत विशेष सवलत घेऊनही दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत.

सामर्थ्याचा प्रश्न
किमान मापाचा नियम जाड भागावर लहान वेल्ड झपाट्याने थंड होऊन तडकू नये यासाठी आहे. ती सामर्थ्याची शिफारस नव्हे. वायएसटी २४० प्रतीच्या ३.२ मि.मी. भिंतीचे अभिकल्पित ताणसामर्थ्य दर मि.मी. लांबीस सुमारे ७०० न्यूटन येते, तर ३ मि.मी. फिलेटचे सुमारे ४०० न्यूटन.

पट्टीच्या जोडात ही उणीव लांबी वाढवून भरून काढता येते. नळीची परिमिती मात्र ठरलेली असते. शिवाय त्या परिमितीवर भार समान वाटला जात नाही. मुख्य नळीचा सपाट पृष्ठभाग मध्यभागी लवचीक आणि कडांजवळ ताठर असल्याने भार कोपऱ्यांकडे एकवटतो व वेल्ड तेथून फाटू लागते. म्हणूनच युरोकोड ३ च्या २००५ च्या भाग १-८ मध्ये वेल्डचे सामर्थ्य सामान्यतः भिंतीच्या सामर्थ्याहून कमी नसावे, अशी अट आहे. अमेरिकेच्या एआयएससी ३६०-१० मध्ये परिणामकारक लांबीचा पर्याय आहे.

कोनाची मर्यादाही दुर्लक्षून चालत नाही. शाखा नळी ४५ अंशांनी जोडल्यास एका बाजूस ४५ व दुसऱ्या बाजूस १३५ अंशांचा कोन होतो. आयएस ८०० फिलेटसाठी ६० ते १२० अंशच ग्राह्य धरते.

निष्कर्ष
केवळ माप वाढवणे हा उपाय नव्हे. अधिक उष्णतेने पातळ भिंतीस भोक पडते. उलट कमी उष्णतेच्या शॉर्ट-सर्किट पद्धतीच्या मिग वेल्डिंगमध्ये वेल्ड वरून सुबक दिसते, पण मूळ धातूशी एकजीव झालेले नसण्याचा धोका राहतो. त्यामुळे प्रथम भाराची वाटणी, मग प्रत्येक बाजूचा कोन, त्यानंतर वेल्डचा प्रकार व माप आणि अखेरीस नमुना जोड कापून केलेली तपासणी, हा क्रम आवश्यक ठरतो. अध्यापनात तक्त्यातील किमान माप हेच उत्तर म्हणून स्वीकारले गेल्यास विद्यार्थी नियम पाळतो; जोड मात्र असुरक्षित राहू शकतो.